तांगलांग ला उतरताना : मनाली–लेह प्रवासाचा शेवटचा दिवस

मनालीहून मोटारसायकलने लेहला जाणारे बहुतेक जण सगळी तयारी चढणीसाठी करतात. आम्हाला मात्र सर्वाधिक जपावे लागले ते तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडल्यानंतरच्या सुमारे ११० किलोमीटरच्या उतरणीत, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या शेवटच्या टप्प्याचा आहे.

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून सकाळी मनाली सोडून संध्याकाळी सरचू गाठता येते, पण सुमारे २,००० मीटरवरून एका दिवसात ४,२०० मीटरच्या वर मुक्कामाला जाणे शरीराला झेपेलच असे नाही. आम्ही जिस्पा येथे दोन रात्री काढल्या आणि मगच सरचूला राहिलो. तरीही डोके रात्रभर ठणकत होते. नाले ओलांडायचे असतील तर पहाटेच निघावे, कारण दुपारनंतर बर्फ वितळून पाणी वाढते.

शेवटच्या दिवशी गाटा लूप्सची २१ वळणे, नकी ला आणि लाचुंग ला पार करून पांग येथे चहा घेतला. पुढचे मोरे पठार सरळ आणि मोकळे असल्याने वेग आपोआप वाढतो; तिथे आडव्या वाऱ्याने गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला ढकलली गेली, तेव्हा वेग आवरता ठेवलेलाच बरा.

तांगलांग ला सुमारे ५,३२८ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. हेल्मेटचा पट्टा सोडायला माझ्या बोटांना तीन प्रयत्न लागले. तिथे पाणी पिऊन रिकाम्या बाटलीचे झाकण घट्ट लावले होते. खाली उपशी गावात बॅग उघडली तेव्हा ती बाटली चारही बाजूंनी चेपून चपटी झाली होती. दोन-तीन तासांत शरीराने केवढा फरक सोसला, हे त्या बाटलीने मला नेमके दाखवले.

खिंडीनंतर मन लेहला पोचलेले असते, पण हात आणि डोळे थकलेले असतात. माझा सहप्रवासी रुमत्सेच्या अलीकडे वळणावरच्या खडीत घसरला. वेग कमी होता आणि गुडघ्यावर संरक्षक कवच होते, म्हणून केवळ क्लचचा लिव्हर तुटण्यावर निभावले. जादा लिव्हर, क्लच केबल आणि पंक्चरचे साहित्य सोबत ठेवाच. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या ओढीवर गाडी उतरवा आणि रुमत्सेला अर्धा तास तरी थांबा. पुढे ग्याच्या प्रवाहाकाठची जांभळट खडकांची अरुंद घळ अतिशय सुंदर आहे, पण ती थांबून पाहावी, गाडी चालवता चालवता नव्हे.

उपशीला सिंधू नदी भेटली आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. तिथून कारूमार्गे लेह सुमारे ५० किलोमीटर आहे. रस्ता चांगला असला तरी लष्करी वाहनांची वर्दळ असते.

जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, त्यामुळे पोचल्याचे घरी कळवण्यासाठी एकाकडे तरी पोस्टपेड क्रमांक असावा. लेह ३,५०० मीटरवर आहे. सरचूला राहून आलेले असलात तरी दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला या उंच खिंडीकडे निघू नका. आम्ही तो दिवस चेन धुऊन ताणण्यात, नटबोल्ट आवळण्यात आणि झोपेत घालवला.