शाळेसाठी ईमेल निवडताना : मराठी, उर्दू आणि पावसाळा

शाळेचा मेल इतकी वर्षं एका फुकट, वैयक्तिक खात्यावर चालत होता. खातं उघडलेलं एका लिपिकाने, रिकव्हरीचा नंबर त्याचाच. लिपिक निवृत्त झाले, नंबर बंद पडला, आणि नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायची वेळ आली तेव्हा ओटीपी कुठे जातोय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातली आमची खाडीकाठची माध्यमिक शाळा. संस्था एक, विभाग दोन, मराठी आणि उर्दू, कर्मचारी २२. अटी अशा ठरल्या : पत्ता शाळेच्या नावाचा, खर्च वर्षाला दोन हजारांच्या आत, आणि मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेतलं पत्र समोरच्याकडे जसंच्या तसं उघडलं पाहिजे.

'मराठीत उपलब्ध' असं बहुतेक सेवा लिहितात. त्याचा अर्थ एवढाच, की 'Inbox'च्या जागी 'इनबॉक्स' असं मराठीत दिसतं. मेनूचं कुणालाच काही पडलेलं नसतं. पत्राचा विषय, जोडलेल्या फाइलचं नाव, शोध आणि उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर, अडतं ते या चार ठिकाणी.

शाळेतच सर्व्हर बसवायची कल्पना पहिल्या बैठकीतच निकालात निघाली. त्याला स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा आकडी पत्ता) लागतो, त्या आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद लागते, आणि वीज लागते. पाठवणारा सर्व्हर पत्र पोचलं नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पण साधारण चार-पाच दिवसच. नंतर पत्र परत जातं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं त्याहून जास्त दिवस अंधारात होती. विषय संपला.

मग पैशांचं गणित. पैसे खात्यामागे, महिन्यामागे मोजतात. महिना ६० रुपये धरले तरी २२ खात्यांचे वर्षाला १५,८४० होतात, म्हणजे आमच्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट. झोहो मेलचा फुकट प्लॅन पाच खात्यांपुरता, प्रत्येकी ५ जीबी, आणि तो ब्राउझरवर किंवा त्यांच्या ॲपवरच चालतो. एकशिक्षकी-द्विशिक्षकी शाळेला तो भरपूर आहे, २२ जणांना नाही. वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर 'अमर्याद ईमेल' मिळतात तेही करून पाहिलं. तिथे एका आयपीवर शेकडो ग्राहक असतात. त्यातल्या एकाने जाहिरातींचा मारा केला की सगळ्यांचीच पत्रं स्पॅममध्ये. आमच्या चाचणीत दहापैकी चार तिकडेच गेली.

मान्यताप्राप्त शाळांना दोन मोठ्या सेवा फुकट मिळतात : गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनचा फंडामेंटल्स प्रकार आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३६५ चा ए१. गूगलकडे पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा असते. दोन्हीकडे शाळेची ओळख पटवावी लागते. अर्ज करण्याआधी डोमेनवर, म्हणजे शाळेच्या नावाच्या इंटरनेट-पत्त्यावर, एक तरी चालू पान ठेवावं. शाळेचं नाव, पत्ता, मान्यता, सरकारी यूडायस क्रमांक एवढं त्यावर असलं तरी पुरे. रिकामं डोमेन दाखवून अर्ज केला की अडतो. आम्ही गूगलचं घेतलं. कारणं दोन : सगळ्यांचे फोन अँड्रॉइडचे, आणि जीमेलचं ऑफलाइन चालणं, ज्याचा उपयोग पुढे येईल.

खर्च उरला तो डोमेनचा. डॉट ईडीयू डॉट इन आणि डॉट एसी डॉट इन ही नावं एर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते, फक्त शिक्षणसंस्थांना, कागदपत्रं तपासून. धीर असेल त्यांनी तेच घ्यावं. आम्ही साधं डॉट इन घेतलं. इथे एक पाहायचं : पहिल्या वर्षाचा भाव नव्हे, नूतनीकरणाचा भाव विचारायचा. दुसरं, डोमेन संस्थेच्या नावावर हवं, वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं, नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येणार तो पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवायचा नाही. डोमेन संपलं तर ते संपल्याचं पत्रही मग पोचत नाही.

नावाचं स्पेलिंग फोनवर सांगून बघावं. 'विद्यालय'च्या शेवटी ए आहे की नाही, 'विद्या'त आय की डबल ई, हे प्रत्येक कॉलवर समजावत बसणं जमणार नाही. आम्ही पाच अक्षरी आद्याक्षरं घेतली, मध्ये टिंब नाही, आडवी रेघ नाही. पत्ते पदाचे केले : मुख्याध्यापकांना एचएम, मग ऑफिस, अकाउंट्स, एक्झाम, आणि उर्दू विभागाला उर्दू. माणसं बदलतात, बोर्डाकडे नोंदवलेला पत्ता बदलत नाही.

सगळा पत्ताच देवनागरीत का नको, असं उर्दू विभागाच्या सरांनीच विचारलं. तांत्रिकदृष्ट्या होऊ शकतं. त्याचं मानक २०१२ पासून आहे, डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं, आणि अशा पत्त्यांवर पत्र पाठवणं-घेणं जीमेलला २०१४ पासूनच जमतं. पण जीमेलवर असा पत्ता नव्याने काढता येत नाही, आणि वाटेतला एक जरी सर्व्हर जुना असला तर पत्र परत येतं. त्याहून मोठी अडचण ऑनलाइन फॉर्मची. ईमेलच्या चौकटीत देवनागरी अक्षर टाकलं की 'वैध ईमेल द्या' अशी लाल ओळ. म्हणून पत्ता रोमन, बाकी सगळं आपल्या भाषेत.

आता चाचणीचं पत्र. प्रत्येक सेवेवरून तेच एक पत्र पाच ठिकाणी पाठवलं. विषयाच्या ओळीत मुद्दाम 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द ठेवला. तो बोलायला चार अक्षरांचा, पण कॉम्प्युटरला त्यात १७ चिन्हं दिसतात : जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त, काना, अनुस्वार वेगळा. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ५१ बाइट. विषयाची ओळ पाठवताना तिचे ७५ रोमन अक्षरांपर्यंतचे तुकडे करतात, आणि नेहमीच्या पद्धतीत एका तुकड्यात मूळ मजकुराचे ४५ बाइटच मावतात. हा एकच शब्द दोन तुकड्यांत जातो. चांगली प्रणाली चिन्हाच्या सीमेवर तोडते. वाईट प्रणाली चिन्हाच्या पोटात सुरी घालते आणि शब्दाच्या मधोमध काळा चौकोन-प्रश्नचिन्ह उमटतं. होस्टिंगच्या वेबमेलवर नेमकं तेच झालं.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. सरळ प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं पाठवतानाच मेली, परत मिळणार नाहीत, पुन्हा मागवावीत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए वारंवार दिसला तर मराठी मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. उर्दूचं तसं झालं तर छेद दिलेला ओ आणि टोपीवाला यू दिसतात. आणि नुसती इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी आली तर तो मेलचा दोषच नाही. पत्र श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून चिकटवलेलं आहे. उर्दूत हीच गोष्ट इनपेज या टायपिंगच्या सॉफ्टवेअरची. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारख्या कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, बदलून घ्यावं लागतं, आणि बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. नव्या टायपिंगला आम्ही मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि फोनवर गूगलचा जीबोर्ड असा नियमच केला.

उर्दूसाठी जीमेलच्या सेटिंग्जमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा पर्याय चालू करावा लागतो. मग लिहिताना दिशा बदलायची दोन बटणं येतात. खरा घोळ आकड्यांचा. उर्दू शब्दानंतर '१०-१२' इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर पडद्यावर १२-१० दिसतं, कारण तिथे आडवी रेघ आकड्यांना जोडत नाही, तोडते. सभा १० ते १२ अशी, आणि पालक वाचणार १२ ते १०. तारीखही रेघेने लिहिली तर वर्ष डावीकडे जाऊन बसतं. तिरका दंड मात्र आकडे एकत्र धरून ठेवतो. म्हणून उर्दू पत्रात तारीख दंडानेच, आणि वेळेत रेघ नाही, 'से' हा शब्द. हे आता विभागात भिंतीवर लावलं आहे. नस्तालीक, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या तिरक्या वळणाची, अक्षरं समोरच्याकडे तशीच दिसतील याची खात्री नसते, फॉन्ट त्याच्या यंत्रातला लागतो. अधिकृत पत्र पीडीएफ करूनच.

शोधातही लिपी चकवते. 'ॲडमिशन'मधला ॲ एकच चिन्ह म्हणून टाइप होतो, तसाच अ आणि वर अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनीही. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. 'किनाऱ्या'तला ऱ्यसुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो. उर्दूत अरबी कीबोर्डचा काफ (क) आणि उर्दूचा काफ, तीच कथा. शिवाय 'प्रवेश' शोधलं तर 'प्रवेशासाठी' हाती लागेलच असं नाही. त्यावर तोडगा : विषयाची सुरुवात प्रत्यय न लावलेल्या एका ठरलेल्या शब्दाने. 'प्रवेश : ', 'परीक्षा : ', 'शिष्यवृत्ती : '.

फाइलचं नाव रोमनच ठेवावं. मराठी नाव काही जुन्या प्रणालीत बिनानावाचं होऊन उतरतं आणि मग ते उघडतही नाही. २५ एमबीची मर्यादाही फसवी आहे : पाठवताना फाइल एक तृतीयांशाने फुगते, तेव्हा १८ एमबीच्या आत असावी.

जोडणीत चुकतं ते असं. जुन्या होस्टिंगच्या एमएक्स नोंदी (डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरवर द्यायची ते सांगणाऱ्या) काढल्या नाहीत तर काही पत्रं जुन्या पेटीत पडतात आणि कुणाला कळतही नाही. आम्ही दोन दिवस दोन्ही पेट्या उघडून बघत होतो. एसपीएफची (आपल्या नावाने कुठले सर्व्हर पत्र पाठवू शकतात ते सांगणारी) नोंद एकच चालते; नवी लिहिताना जुनी ठेवली तर दोन्ही बाद. डीकेआयएमची, म्हणजे पत्रावरच्या डिजिटल सहीची, २०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांपेक्षा लांब असते, काही डोमेनवाल्यांच्या पॅनलला ती एका चौकटीत घेता येत नाही. तेव्हा १०२४ ची घ्यावी. ही किल्ली जीमेल सुरू केल्याबरोबर तयार होत नाही, एक ते तीन दिवस थांबावं लागतं. कंटाळून सोडू नये : फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतात.

२२ खाती एकदम भरायची तर यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलीत) द्यायची असते. एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा. नुसतं सीएसव्ही केलं आणि नावं मराठीत असली की सगळे कर्मचारी प्रश्नचिन्ह होतात.

विद्यार्थ्यांना खाती दिली नाहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक मूल बालक आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती हवी. अर्धे वडील मुंबईत नाहीतर आखातात.

लॅबच्या कॉम्प्युटरवर लॉगिन होईना, 'कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा. इंटरनेट ठीक होतं. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला, यंत्राची तारीख बरीच वर्षं मागे, त्यामुळे ब्राउझर साइटवर विश्वास ठेवेना. सेल बदलला, चालू. विंडोज ७ वर क्रोम ब्राउझरची १०९ ही आवृत्ती शेवटची. त्या दोन यंत्रांवर लिनक्स टाकलं. ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर जीमेल ऑफलाइन ठेवलं, ३० दिवसांचं. रेंज गेली तरी लिपिक उत्तरं लिहून ठेवतात, नेट आलं की ती आपोआप जातात. मुलांच्या लॅबमध्ये हे चालू करायचं नाही.

दुहेरी पडताळणीला एसएमएस ठेवला नाही. टॉवर बंद असला की ओटीपी येत नाही. ऑथेंटिकेटर ॲपला नेट लागत नाही, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. ॲडमिन दोन, एक मुख्याध्यापक आणि एक संस्थेचे सचिव. दोघांचे दहा-दहा बॅकअप कोड छापून, लॅमिनेट करून, जनरल रजिस्टरच्या कपाटात. लॅमिनेशन यासाठी, की जुलैत त्या कपाटातला साधा कागद हातात धरला तर ओला लागतो. वापरलेल्या कोडवर पेनाने काट मारायची, आणि डोमेनचं नूतनीकरण दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत.