गेस्टेटनरवर दुसरा रंग : रजिस्टरचा प्रश्न आणि त्यातून निघालेली वाट

गेल्या नोंदीत गेस्टेटनरवर, म्हणजे स्टेन्सिलच्या छिद्रांतून कागदावर शाई उतरवणाऱ्या जुन्या सायक्लोस्टाइल यंत्रावर (डुप्लिकेटरवर), निळ्या रंगाचा पहिला हात समाधानकारक उतरला होता आणि त्यावर लाल चढवणे एवढेच काम उरले होते. ते काम ठरल्याप्रमाणे झाले नाही. मात्र ते का होत नाही याचा उलगडा झाला, आणि त्या शोधात रंग छापण्याची एक अगदी वेगळी रीत हाती लागली, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा लांबणार आहे.

उद्दिष्ट अजूनही तेच आहे. १९६७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी या हिप्पींच्या भागात चेस्टर अँडरसन आणि क्लॉड हेवर्ड यांनी कम्युनिकेशन कंपनी सुरू केली आणि गेस्टेटनरवर मोफत पत्रके छापून ती रस्त्यावर वाटली. डिगर्स या तिथल्या गटाच्या मोफत अन्नवाटपाच्या सूचना, कविता, पोलिसांविषयीचे इशारे, असे सारे त्या पत्रकांत असे. त्या जातीचे दोनरंगी पत्रक त्याच पद्धतीच्या यंत्रावर काढायचे, हा माझा संकल्प. कागदाचा आकारही तोच हवा होता. आपल्याकडे अमेरिकेचा साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद सहज मिळत नाही, परंतु लीगल कागदाची रुंदी साडेआठच असल्याने त्याची तीन इंच लांबी कापली की काम भागते. मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या ज्या व्यापाऱ्याने मला हे सुचवले, त्याच्याकडचा क्रीम वोव्ह कागद या कामाला सर्वांत योग्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. डुप्लिकेटरची शाई कागदावर वाळत नाही, ती कागदात मुरते, आणि झेरॉक्ससाठी बनवलेला गुळगुळीत कागद तिला मुरूच देत नाही. मग वरच्या प्रतीच्या पाठीला खालच्या प्रतीची शाई लागते आणि गठ्ठाच्या गठ्ठा खराब होतो.

आता मूळ दुखणे. रजिस्टर, म्हणजे एका रंगाशी दुसरा नेमका जुळणे, साधत नव्हते; लाल रंग निळ्याच्या जागी बसत नव्हता. एका कागदावर तो मिलिमीटरभर वर, पुढच्यावर तितकाच खाली, मध्येच एखाद्यावर अगदी नेमका. फरक कायम एकाच बाजूचा असता तर स्टेन्सिल तेवढी सरकवून भागले असते, पण बदलत्या फरकावर असा उपाय चालत नाही.

पहिला संशय कागद ओढणाऱ्या रबरी रोलरांवर होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर टणक आणि चकचकीत झाले होते, त्यामुळे ते कागद पकडताना किंचित घसरत असावेत. स्पिरिटने पुसून, बारीक पॉलिश कागदाने वरचा थर खरवडल्यावर पकड पुष्कळ सुधारली आणि मागेपुढे होणे निम्म्यावर आले. दुसरा संशय दमट हवेचा. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, आणि तो तंतूंच्या दिशेपेक्षा आडवा अधिक फुगतो, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या रंगाच्या मध्ये हवा बदलली तर कागदाची रुंदीच बदलते. यावर पहिला रंग छापलेले कागद त्याच खोलीत, त्याच क्रमाने, वजनाखाली ठेवले आणि दुसरा रंग त्याच हवेत चढवला. याचाही उपयोग झाला.

एवढे करूनही पानाच्या माथ्याशी रंग जुळे आणि पायथ्याशी हले. हे लक्षात आल्यावर खरे कारण दिसले. स्टेन्सिलचा माथा खुंट्यांवर अडकलेला असतो, परंतु खालचा भाग केवळ शाईच्या चिकटपणावर, यंत्रातली शाई झिरपवणाऱ्या रेशमी पडद्याला धरून असतो. प्रती निघत जातात तसा दाब स्टेन्सिलला मागे खेचतो, ती ताणली जाते आणि शेवटी तिला बारीक सुरकुत्या पडतात. मी डिजिटल डुप्लिकेटरचा मास्टर (त्याची यंत्रानेच छिद्रे पाडलेली स्टेन्सिल) कापून त्याला जुन्या स्टेन्सिलचा भोकांचा माथा चिकटवते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. तो मास्टर मूळ मेणाच्या स्टेन्सिलपेक्षा पातळ असल्याने अधिकच ताणला जातो. निळ्याची स्टेन्सिल एका प्रमाणात ताणली जाणार आणि लालची दुसऱ्या, आणि ते प्रमाण प्रत्येक प्रतीगणिक बदलणार. तेव्हा दोन रंगांच्या कडा एकमेकींना काटेकोर भिडवणे या यंत्राच्या रचनेतच बसत नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष हाती घेऊन मी त्या काळची मिमिओग्राफ, म्हणजे सायक्लोस्टाइल, पत्रके पुन्हा पाहिली, आणि त्यांची मांडणी प्रथमच नीट उमगली. रंगांच्या कडा भिडवण्याचा आग्रह त्यांत क्वचितच दिसतो. अक्षरे एका रंगात तर चित्र दुसऱ्यात, किंवा फिकट रंगाचा मोठा पट्टा आणि त्यावर गडद अक्षरे मनमोकळी पडलेली, अशी ती रचना असते. कम्युनिकेशन कंपनीकडे गेस्टफॅक्स हे जोडयंत्रही होते. त्यात मूळ चित्र एका सिलिंडरवर आणि कोरी स्टेन्सिल दुसऱ्यावर एकाच वेळी फिरे. प्रकाशविद्युत घट चित्र वाचे आणि त्यानुसार ठिणगी स्टेन्सिलवर छिद्रे पाडी. त्यामुळे टाइपरायटर आणि लोखंडी लेखणी यांची मर्यादा गेली आणि कोलाज, हाताने काढलेली वळणदार अक्षरे, छायाचित्र, काहीही काही तासांत रस्त्यावर जाऊ शकले.

या पत्रकांविषयी बोलताना त्यांच्या ओबडधोबडपणाचे कौतुक केले जाते, ते मला पटत नाही. या यंत्राची निवड विचारपूर्वक झालेली होती. व्यावसायिक छापखान्याचा मालक मजकूर वाचतो आणि घाबरला तर छापायला नकार देतो. स्वतःच्या खोलीतल्या यंत्रापुढे असा कोणी मध्यस्थ नसतो. न्यू यॉर्कमध्ये डायेन डी प्रिमा आणि लेरॉय जोन्स या कवींनी १९६१ मध्ये असेच मिमिओग्राफवर काढलेले पत्र टपालाने पाठवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून दोघांना अटक झाली. जोन्स यांनी ग्रँड ज्युरीपुढे बाजू मांडली आणि खटला उभा राहिला नाही. आपल्याकडेही पन्नाशीच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच काढत होते, म्हणजे मोठ्या मासिकांच्या संपादकांना वळसा घालण्याचा हा मार्ग मुंबईला आधीच माहीत होता. १९६२ मध्ये अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग मुंबईत आले आणि इथल्या कवींना भेटले, तेव्हा त्या कवींना या यंत्राची ओळख नव्याने करून घ्यायची गरज नव्हती.

आता नवी वाट. रंग भिडत नाहीत तर एकाच फेरीत दोन रंग का छापू नयेत, हा विचार ‘सॅन फ्रान्सिस्को ओरॅकल’ या हाइट-ॲशबरीतल्याच वृत्तपत्राची पाने पाहताना सुचला. १९६६ ते १९६८ या काळात निघालेल्या त्या बारा अंकांपैकी पुढच्या अंकांत इंद्रधनुष्यासारखे जे रंग एकमेकांत विरघळताना दिसतात, ते ऑफसेट यंत्राच्या शाईच्या कुंडात मध्ये आड घालून, शेजारी-शेजारी वेगवेगळ्या शाया भरून साधलेले आहेत. रोलर फिरताना सीमेवरच्या शाया मिसळतात आणि तिसरा रंग तयार होतो. तिथे रजिस्टरचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कागद यंत्रातून एकदाच जातो.

मी ट्यूबमधून शाई येण्याची वाट बंद केली, पडदा आणि रोलर रॉकेलने पुसून काढले, आणि स्टेन्सिल चढवण्यापूर्वी पडद्यावरच पातळ सुरीने दोन शाया पसरल्या. आधी माथ्याला निळा आणि पायथ्याला लाल अशी विभागणी केली होती. ती टिकत नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे : रोलर गोल फिरतो, माथ्याची शाई पायथ्याला नेतो, आणि थोड्याच प्रतींत सगळे तपकिरी होते. रंगांचे उभे पट्टे, म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे ठेवले तर मात्र प्रत्येक रंग आपल्याच पट्ट्यात फिरत राहतो. गेस्टेटनरचे रोलर फिरता फिरता थोडे डावी-उजवीकडेही हलतात, त्यामुळे मधल्या भागात रंग मिसळतात, आणि नेमके तेच आपल्याला हवे असते. लालऐवजी राणी रंग घेतल्यावर मध्ये स्वच्छ जांभळा उतरला. पहिली प्रत हातात आली तेव्हा झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. प्रत्येक ओळ राणी रंगात सुरू होते, जांभळी होते आणि निळी होऊन संपते, आणि कडा हलण्याचे भय कुठेच नाही.

अडचणी आहेत. जांभळा पट्टा प्रतीगणिक रुंदावत जातो, म्हणून मध्ये थांबून दोन्ही कडांना ताजी शाई द्यावी लागते. शाईच्या बाबतीत सर्वांना कळकळीने सांगते की ऑफसेटची शाई या पडद्यावर वापरू नये; ती हवेने वाळून कडक होते आणि रेशमी पडद्याची छिद्रे बुजवते. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवलेली ‘डुप्लिकेटर शाई’ही इतकी पातळ निघाली की ती स्टेन्सिलच्या कडांमधून झिरपू लागली. दाट, न वाळणारी, तेलाची शाई हवी, आणि ट्यूब घट्ट बंद असेल तर जुन्या साठ्यातलीसुद्धा उत्तम चालते.

हे लिहिता लिहिताच संकल्प बदलतो आहे. जुन्या पत्रकाची हुबेहूब नक्कल काढण्यात आता मला रस उरलेला नाही. अमेरिकन कवी रिचर्ड ब्रॉटिगन यांचा एक कवितासंग्रह कम्युनिकेशन कंपनीने १९६७ मध्ये १,५०० प्रतींत छापून फुकट वाटला, आणि त्यात कविता पुन्हा छापण्याची परवानगी दिली होती ती एका अटीवर : छापलेले मोफत वाटले पाहिजे. मला या पत्रकांतून पुढे न्यायची आहे ती ही अट. म्हणून पुढचे पत्रक मराठी असेल, ओळखीच्या दोन कवींनी नव्या कविता देऊ केल्या आहेत, आणि त्याची किंमत असणार नाही.

देवनागरीसाठी एक चाचणी आधीच घेतली. लेखणीने कोरलेल्या स्टेन्सिलवर लांब शिरोरेषा ही सलग चीर ठरते आणि दाबाखाली फाटत जाते. मास्टरवर तीच रेषा सुट्या छिद्रांची बनते, त्यामुळे ती धरून राहते. तरी ओळ फार लांब झाली की उजवे टोक किंचित लोंबते. कवितेच्या ओळी आखूडच असल्याने त्याची फारशी चिंता नाही, परंतु मथळ्यासाठी शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तोडून पाहणार आहे. त्याशिवाय रोलरांची आडवी हालचाल कमी करता आली तर जांभळा पट्टा अधिक काळ अरुंद राहील. त्यासाठी बाजूचे झाकण काढून तो सांधा तपासायचा आहे. ज्यांनी आपल्या यंत्राचा तो भाग उघडला असेल त्यांनी सांधा कोणत्या बाजूने सुटतो ते जरूर कळवावे, म्हणजे पुढची छपाई सुरू करण्यापूर्वी ते काम उरकता येईल.