मांडव्यापर्यंत खोकं टांगून: बोटीसाठी ओव्हन निवडताना

दादाची २८ फुटी शिडाची बोट गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यातल्या बोयाला, बांधलेली असते. गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, दोन शेगड्या आहेत, पण त्यांवर ना पाव होतो ना नानखटाई. अलिबागच्या किनाऱ्याला दोन-तीन रात्री काढायच्या तर मला ओव्हन हवाच होता. जानेवारीतला एक शनिवार-रविवार आम्ही त्यासाठी काढला. वर्षानुवर्षं जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून राबलेले शेजारचे मामाही सोबत आले.

शनिवारी दारूखाना, मुंबईतला जहाजांच्या भंगाराचा बाजार. हार्बर लाइनने रे रोडला उतरून चालत जाता येतं. मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान तिथे बघतच राहावंसं वाटतं, पण आम्ही पाहिलेले ओव्हन कपाटाएवढे आणि ४४० व्होल्ट थ्री-फेजवर चालणारे. ते आपल्या कामाचे नाहीत. पितळी कड्या आणि भांडी अडकवायचे स्टीलचे दांडे मात्र तिथूनच घ्या. तिथली आणि विजेच्या सामानाच्या लोहार चाळीतली बरीच दुकानं रविवारी बंद असतात.

लोहार चाळीत एक १२०० वॅटचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, मनात भरला होता. दादाने तिथेच हिशोब मांडला. १२ व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे धरून एकशे दहा. लेड-अ‍ॅसिडची १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नसते. म्हणजे ओव्हन सलग तापत राहिला तर अर्ध्या तासाच्या आत बॅटरी आटोपली. नांगरावर जनरेटर लावायची आमची तयारी नव्हती, म्हणून गॅसच ठरला.

रविवारी सकाळी बोटीने अलिबागच्या बाजूच्या मांडव्याला निघालो. बोट कलली तरी भांडी सपाट राहावीत म्हणून बोटीवरचा ओव्हन झुलता टांगतात, आणि त्याला जागा पुरते का हे आधी बघायचं होतं. मनात असलेल्या गॅस ओव्हनच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं मी रात्रीच केलं होतं. तळाशी वजनाला दोन विटा टाकल्या आणि ओव्हन जिथे बसणार तिथे, उजव्या भिंतीशी, ते दोन खिळ्यांवर झुलतं टांगलं. जाताना वारा मंद, खोकं जागचं हललं नाही. मांडव्याला जेवून परत फिरलो तेव्हा वायव्येचा वारा भरला, बोट उजवीकडे कलली आणि खोक्याचा तळ मागच्या फळीवर धाडधाड आपटू लागला. जागा मोजताना मी खोकं मोजलं होतं, त्याचा झोका मोजलाच नव्हता. खिळ्यापासून तळ ३५ सेंटिमीटर खाली असेल आणि बोट २५ अंश कलली, तर तळ जवळजवळ १५ सेंटिमीटर सरकतो. तेवढी मोकळी जागा मागे हवीच. आम्हाला एक कप्पा काढून टाकावा लागला, आणि तो ओव्हन यायच्या आधी निघाला याचं मला आजही समाधान आहे.

मामांचा सल्ला मी वहीत लिहून ठेवलाय: “ताई, आत भरलेला ट्रे ठेवा, दार पूर्ण उघडा, मगच पैसे द्या.” खाली पडणाऱ्या दाराच्या वजनाने झुलता ओव्हन पुढे झुकतो आणि गरम ट्रे अंगावर येऊ शकतो. म्हणून झोका थांबवणारी कडी हवी, आणि दार उघडण्याआधी ती लावायची सवय हवी.

गॅसच्या बाबतीत काटकसर करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळातल्या खोलगट भागात साचतो आणि एक ठिणगी पुरते. सिलिंडर केबिनबाहेर, वेगळ्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्याच्या तळाचं भोक थेट समुद्रात, पाण्याच्या पातळीच्या वर उघडलं पाहिजे. ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणारी सोय नसलेला ओव्हन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब सुमारे ३० मिलिबार असतो, तो ओव्हनच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जोडांना साबणाचं पाणी लावा. स्वयंपाक झाल्यावर आधी सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत विझू द्या, मग बटण फिरवा. भाजताना केबिनच्या छतातलं झाकण उघडं ठेवा.

खरेदीला खिशात लोहचुंबक असू द्या. जो स्क्रू किंवा बिजागरी त्याला घट्ट चिकटेल, ती खाऱ्या हवेत लवकर गंजण्याचा संभव जास्त.

शेवटी बोटींसाठीच बनवलेला, दोन शेगड्यांचा लहान गॅस ओव्हन घेतला. फेब्रुवारीत मांडव्यासमोर नांगर टाकून पहिला घाणा काढला. आई लहानपणी नानखटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर पाठवायची, तो वास त्या दिवशी केबिनभर पसरला. मागची रांग जास्त लाल झाली, म्हणून आता अर्ध्या वेळेला ट्रे फिरवते. एका घाण्यात बाराच मावतात.