पन्नाशीत ड्रेस घालू नये म्हणे

परवा दारव्ह्याच्या बाजारात पंजाबी ड्रेस घालून गेली तं शेजारची काकू म्हणते, "काव बाई, सून आली ना आता घरात, शोभते का हे?" म्या म्हटलं काकू, मे महिन्यात 45 डिग्रीत सहावारी नेसून एसटीच्या पायऱ्या चढून दाखवा मंग बोलू. अन् गंमत पाहा, कापूस वेचाले जातो तवा साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतो आम्ही सगळ्या, साठीची आजीबी, तिथं कोणी शोभते का विचारत नाही. माह्या सासूनं जन्मभर नऊवारी लुगडं नेसलं, तिले माही सहावारीबी फॅशनच वाटे! जोरात हसली तरी "वय काय तुहं". बुढ्यायले मात्र नुसत्या बनियनवर ओट्यावर बसाची सूट. येत्या पोळ्यासाठी लाल ड्रेस शिवाले टाकला, खिसा लावून.