सोफीबाई जाईपर्यंत थांबायचं

आज ९ मे. आमच्या हॉलच्या खिडकीत सध्या टोमॅटोची अकरा, मिरचीची सहा आणि दुधीची दोन रोपं आहेत, त्यातला एक दुधी पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलाय आणि सोफ्यावर बसलं की मिरचीची पानं कानाला लागतात. नवरा रोज विचारतो बाहेर कधी जाणार हे सगळे. मी म्हणते सोफी गेली की. पहिल्या वर्षी हे असं कोणी मला सांगितलं असतं तर मी पण त्याच्याकडे, नवरा माझ्याकडे बघतो तसंच बघितलं असतं.

तर सोफी कोण, ते सांगते, पण आधी आम्ही कुठे राहतो ते. आम्ही राहतो जर्मनीत, स्टुटगार्टच्या दक्षिणेला, एअरपोर्टच्या पलीकडे फिल्डर नावाचं पठार आहे तिथे. इथली टोकेरी कोबी प्रसिद्ध आहे, आपल्या गोल गड्ड्यासारखी नाही, वर शंकूसारखी निमुळती, ऑक्टोबरात तिची जत्राच भरते. म्हणजे जमीन उत्तम. घर भाड्याचं, रांगेतलं, मागे अंगणाचा एक तुकडा आहे चाळीसेक स्क्वेअर मीटरचा. माझं माहेर कराडजवळचं, घरचा ऊस. व्हिडिओ कॉलवर आबांना कौतुकाने अंगण दाखवलं तर म्हणाले, "अगं हे अर्धा गुंठा पण न्हाई, आपल्या म्हशी तरी बसतील का त्यात?" आणि वर मी ऊसवाल्याची मुलगी असले तरी पुण्यात दहा वर्षं फ्लॅटमध्ये काढलेली, बाल्कनीत तुळस आणि एक कायम आजारी कढीपत्ता, एवढाच माझा शेतीचा अनुभव. पण माहेरचा गर्व होता ना, मला येतं सगळं असा.

तो गर्व एप्रिल २०२४ मध्ये उतरला. त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात इकडे जवळजवळ तीस डिग्री झालं होतं, लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात फिरत होते, आणि सहा महिने काळोखात काढल्यावर असं ऊन आलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. गार्डनच्या दुकानात टोमॅटोची रोपं मांडलेलीच होती. मी म्हटलं विकतायत म्हणजे लावायची वेळ झाली असणार. बारा रोपं आणली, शनिवारी लावून टाकली, फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकले. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. ते स्वाबियन, म्हणजे इथली बोली बोलतात, मी क्लासमध्ये शिकले त्यातलं काहीच नाही, पण हात हलवून ते "नेट फोर द्र काल्टे झोफी" असं काहीतरी म्हणाले. मला वाटलं कोणीतरी सोफी येणार आहे त्यांच्याकडे. मी हसून हो हो म्हटलं.

दोन आठवड्यांनी थंडी परत आली. वर श्वेबिशे आल्पच्या डोंगरांवर बर्फ पडला आणि आमच्याकडे रात्री पारा शून्याखाली. सकाळी बाहेर गेले तर बाराच्या बारा रोपं उकडलेल्या पालकासारखी लोळत होती, हिरवी पण नाही, काळपट, पाणी सुटलेली. दुपारपर्यंत त्यांच्या सुतळ्या झाल्या. आजोबा आले, बघितलं, आणि एक शब्द बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

मग घरात येऊन शोधलं. इथे मेच्या मध्यात पाच संतांचे दिवस येतात, ११ तारखेला मामेर्टुस, मग पांक्रात्सियुस, सर्वात्सियुस, बोनिफात्सियुस आणि १५ ला सोफी. यांना म्हणतात बर्फाळ संत. आमच्या दक्षिणेकडे मामेर्टुसला धरत नाहीत, १२ पासून मोजतात. चार बुवा आणि शेवटी एक बाई, आणि बाई सगळ्यात थंड म्हणून तिला थंडगार सोफी, म्हणजेच आजोबांची ती "काल्टे झोफी". ती गेली की मग रात्रीचं गोठण्याची भीती सरली, तेव्हा टोमॅटो, मिरची, काकडी, दुधी, जे काही थंडीला भितं ते बाहेर काढायचं. त्याआधी नाही. इंजिनियर लोकांचा हा देश, फोनवर तासातासाचं हवामान येतं, तरी माझ्या ऑफिसमधले पण सोफी झाली का म्हणूनच विचारतात.

आबांना हे सांगितलं तर ते अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, "मग त्यात काय, आपली नक्षत्रं तशी त्यांची." आपल्याकडे २५ मेला रोहिणी, ७-८ जूनला मृग, तसं यांचं सोफी. मी म्हटलं आबा, यांच्यात सोफी झाल्यावर जूनमध्ये अजून एक थंडी येते, तिला मेंढ्यांची थंडी म्हणतात, कारण तेव्हा मेंढ्यांची लोकर नुकतीच कातरलेली असते आणि बिचाऱ्या कुडकुडतात. आबा लगेच, "म्हणजे वाहन मेंढा!" आता दरवर्षी जूनमध्ये त्यांचा फोन येतो तो याच प्रश्नाने, मेंढा आला का. पण आजोबांचं त्याच्याही पुढे आहे. ते म्हणतात सोफीवरही पूर्ण विश्वास ठेवू नको, १५८२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा दहा दिवस उडवले, संतांच्या तारखा आकड्याने तिथेच राहिल्या पण थंडीला कोणी सांगितलं नाही. स्वतः ते २० मे नंतरच लावतात.

आता मला जे खरंच सांगायचंय ते. आपल्याकडून इकडे नवीन आलेल्यांचे मला मेसेज येतात की माती कुठली घेऊ, खत कुठलं. माती ठीक आहे हो. चुकतं ते कधी लावायचं यात. मार्चमध्ये पण तेच. ऊन पडलं की मी फावडं घेऊन धावायचे आणि आमची माती चिकट, पाय ठेवला की बूट दुप्पट जड. आबांनी व्हिडिओवर बघितलं आणि ओरडले, "वाफसा आलाय का? मूठभर उचल, आवळ. लाडू होतोय का?" झाला. चांगला डिंकाच्या लाडवासारखा घट्ट झाला. "मग थांब की जरा! आत्ता खणलंस तर विटा होतील." कराडमध्ये बसलेला माणूस सात हजार किलोमीटरवरची माती फोनवर बघून सांगतोय. पाच दिवसांनी परत मूठ आवळली, बोटाने टोचलं तर भुगा झाला, तेव्हा खणलं. वाफशाला, म्हणजे मातीतल्या या खणण्याजोग्या ओलाव्याला, जर्मनमध्ये काय म्हणतात ते मी आजोबांना विचारलं, त्यांनी पण खाली वाकून मूठ आवळूनच दाखवली.

मार्च-एप्रिलमध्ये थंडीला न भिणाऱ्या गोष्टी लावायच्या, हे कळायला पण वर्ष गेलं. मुळा (इथला लालचुटुक लहान), पालक, मटार, नवलकोल. नवलकोलवर या लोकांचं इतकं प्रेम आहे, मुलं डब्यात कच्चे तुकडे नेतात. आणि मेथी. बियाणं आणायचा मी प्रयत्न केला होता, आईने गवार, घोसाळं आणि घरचा वाल रुमालात बांधून दिला होता, पण डिसेंबर २०१९ पासून युरोपात बाहेरून पेरायचं बी आणायचं तर सरकारी सर्टिफिकेट लागतं, हौशी लोकांना पण. फळांत सूट कशाला तर अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन, बस. आई म्हणाली मूठभर वालाने काय त्यांचं बुडणारे. पुरचुंडी पुण्यातच राहिली. मेथीचं मात्र इथल्या इंडियन दुकानातले फोडणीचे दाणेच पेरले, रात्रभर भिजवून, चौथ्या दिवशी मानेला बाक काढून वर. जर्मनमध्ये तिला बोकडाच्या शिंगांचं गवत अशा अर्थाचं नाव आहे, शेंगा वाकड्या असतात म्हणून. आजोबांना एक जुडी दिली तर त्यांनी सॅलडमध्ये कच्ची घातली आणि दुसऱ्या दिवशी कडू आहे म्हणून परत घेऊन आले. जुडी परत! स्वाबियन लोक काही फुकट घालवत नाहीत.

शेपूचं बघा. पुण्यात कोणी शेपू केला की घर सोडून जाणारी मी, इथे बघते तर काकडीच्या लोणच्यात, माशावर, सॅलडमध्ये सगळीकडे तोच. आणि लॉनमध्ये आपोआप उगवतो तो आपल्या चुक्याचा भाऊबंद, पान चावलं तर तेच आंबट. पहिल्यांदा शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून त्याची भाजी केली त्या दिवशी मी आणि नवरा न बोलता जेवलो.

पण सगळ्यात मोठा धक्का लेकीने दिला. ईस्टरच्या आधी शाळेतून अंड्याचं कवच घेऊन आली, त्यात कापूस आणि कापसावर हिरवी बारीक पालवी, कवचाला डोळे काढलेले म्हणजे ते हिरवे केस. इथे घरोघरी मुलं हे करतात, क्रेस म्हणतात त्याला, मग कातरून ब्रेड-बटरवर घालून खायचं. उरलेल्या बियांची पुडी दप्तरात होती. मी हातावर घेतल्या, तांबूस, लांबट, बारीक. म्हटलं हे कुठेतरी बघितलंय. वाटीत थोड्या भिजवल्या तर दहा मिनिटांत प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पारदर्शक वेटोळं. अळीव! ही लेक झाली तेव्हा आईने अख्खा डबा लाडू आणले होते अळिवाचे, नारळ आणि गूळ घालून, रोज एक मला बळजबरीने. तेच अळीव इथे अंड्याचे केस. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, किलोचा भाव काय. किलो कुठला, चिमूटभराची पुडी मिळते. "मग लाडू व्हायचे न्हाईत."

गोगलगायींबद्दल लिहायचं टाळत होते पण लिहायलाच पाहिजे. शंख नसलेल्या, तपकिरी-केशरी, बोटाएवढ्या. २०२४ ला एकदा पाऊस लागला तो थांबेचना, आणि या अशा निघाल्या की सोफीनंतर नव्याने आणलेली काकडीची सहा रोपं एका रात्रीत गेली, नुसते दांडे उभे. बिअरचा सापळा लावा म्हणतात, वाटीत बिअर जमिनीत पुरायची, त्या येऊन बुडतात. बुडतात खऱ्या, पण वासाने शेजारच्यांच्या पण आमच्याकडे येतात, म्हणजे आपण पार्टी ठेवल्यासारखं. निळ्या गोळ्या मिळतात आयर्न फॉस्फेटच्या, त्या टाकल्या. शेवटी उपयोगी पडलं ते रात्री दहाला टॉर्च आणि चिमटा घेऊन बाहेर जाणं. उजेड साडेनऊ-दहापर्यंत असतो त्यामुळे त्याआधी जाऊन उपयोग नाही. नवरा बादली धरतो, मी वेचते. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढा वेळ शांतपणे एकत्र आम्ही कधी घालवला नव्हता.

आणि त्याच वर्षीचा वासाचा प्रकार. आजोबांनी सांगितलं खत विकत कशाला, आग करणाऱ्या पानांचं करा. म्हणजे ते झुडूप, इंग्रजीत नेटल, हात लावला की आग होते, आपल्या खाजकुयलीच्या स्वभावाचं. हातमोजे घालून एक किलो कापायचं, दहा लिटर पाण्यात घालून दोन आठवडे कुजवायचं, रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून झाडांना. मला एकदम आबांचं शेण-गोमूत्र कुजवून केलेलं जीवामृत आठवलं, म्हटलं हे तर आपलंच. मोठ्या उत्साहात बादली भरली आणि उन्हात ठेवली. दहाव्या दिवशी रविवार होता. इथे रविवारी दुपारी सगळे मागच्या अंगणात केक-कॉफी घेऊन बसतात, मशीन चालवायला बंदी, पक्ष्यांचे आवाज तेवढे. त्या शांततेत मी झाकण काढून ढवळलं. शेण परवडलं. पाच मिनिटांत पलीकडच्या घरातल्या बाई अतिशय सभ्यपणे विचारायला आल्या की तुमची ड्रेनेजची लाइन तुंबलीये का, त्यांच्या ओळखीचा प्लंबर आहे. आजोबा मात्र त्यांच्या अंगणात बसून खोकल्यासारखं हसत होते. त्यात मूठभर दगडाची भुकटी टाकायची असते वास कमी व्हायला, हे त्यांनी नंतर सांगितलं. सोफीनंतर परत लावलेल्या टोमॅटोंनी त्या खतावर मस्त पानं धरली आणि मग पावसाने करपा येऊन ऑगस्टमध्ये सगळे काळे पडले. आता टोमॅटोवर प्लॅस्टिकचं छप्पर केलंय, इथे सगळे करतात, पान ओलं झालं नाही तर करपा सहसा लागत नाही.

मागच्या वर्षी, २०२५ ला, उलट. मार्चपासून पाऊसच नाही, गोगलगायी गायब, पावसाच्या पाण्याचा पिंप कोरडा. त्या वर्षी मी भेंडीचा हट्ट केला. फेब्रुवारीपासून हीटरवर कुंडी, सोफीनंतर बाहेर, प्रत्येक रोपाला उलटी बाटली. पूर्ण सीझनमध्ये सात भेंड्या. सात. पहिल्या चार झाडावरच जून झाल्या कारण कापायचा धीर होईना. उरलेल्या तीन मी कांदा घालून परतल्या, कांदा जास्त. यंदा भेंडी नाही, तिची जागा नवलकोलला.

आत्ता लिहिता लिहिता बाहेर बघितलं तर सात डिग्री आहे. दिवसा रोपांना दोन-तीन तास बाहेर नेऊन वाऱ्याची सवय लावायची असते, पहिल्या दिवशी सावलीत, मग हळूहळू उन्हात, नाहीतर पानं पांढरी पडतात, त्यामुळे सकाळी एकोणीस कुंड्या बाहेर आणि संध्याकाळी एकोणीस आत, मधे दुधीचं टोक पडद्यातून सोडवायचं. आज सोडवताना ते मोडलं. लेक म्हणाली आता दोन फुटवे येतील ना. येतील. आजोबांनी मगाशी कुंपणावरून बोटं दाखवली, सहा. सोफीला सहा दिवस. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तर २० नंतर लावता ना? तर त्यांनी परत हात वर केला आणि अजून पाच दाखवली.