शिट्टी, हात आणि बेंचवरचा गदारोळ

शनिवार, रात्र

म्हापशाच्या पेडे क्रीडा संकुलातल्या टर्फवर आज मुलांचा हॉकी सामना होता, पंच मी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये निळ्यांचा फॉरवर्ड डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात घुसला. चेंडू लाल बचावपटूच्या बुटाला लागला आणि उडून परत त्याच पोराच्या स्टिकवर आला. समोर एकटा गोलकीपर. मी शिट्टी फुंकली नाही, हात वर केला, ॲडव्हान्टेज, म्हणजे फाउल असूनही खेळ चालू. पोराने जीव खाऊन मारला तो थेट बाहेर.

मग निळ्यांच्या बेंचवरून जे काही सुरू झालं! "फूट! मॅडम, फूट! पीसी द्या!" कोच पाण्याची बाटली आपटून उभे. कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं, "चश्मो घाल गो!" त्यावर हशाही पिकला.

नियमात शंकेला जागा नाही. बचावपटूच्या पायाला डीमध्ये चेंडू लागला (तोच 'फूट') तर पेनल्टी कॉर्नर, म्हणजे पीसी, गोलवर हल्ल्याची मोकळी संधी, पण हल्ला करणाऱ्यांचं नुकसान झालं असेल तरच. पंचाने एकदा ॲडव्हान्टेज दिला आणि संघाने संधी घालवली, तर मागे वळून आधीचा कॉर्नर देता येत नाही. मी शिट्टी फुंकून पीसी दिला असता, तर हेच कोच ओरडले असते, "गोल होत होता, कशाला थांबवलात?" हे मला तेव्हाही कळत होतं, तरी उरलेला क्वार्टरभर कान बेंचकडेच लागले होते. सामना संपल्यावर कोच हस्तांदोलन करून गेले, पण डोळ्याला डोळा दिला नाही. हे मात्र लागलं.

रविवार

दुसऱ्या बाजूचे पंच कालही तेच होते, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. आज बाजारात भेटले. पातळ भाजी आणि पाव मागवून मी कालचं सगळं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं. सरांनी पाव बुडवत बुडवत ऐकून घेतलं.

"निर्णयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझा हात किती वेळ वर होता?"

मी म्हटलं, केला होता वर.

"मी समोरच्या बाजूला होतो म्हणून मला दिसला. कोचला नाही दिसला. तू ॲडव्हान्टेज दिलास म्हणून ते चिडले नाहीत गो. तुला पाय लागलेला दिसलाच नाही, असं वाटून चिडले."

मी गप्प. हात खांद्यापासून सरळ, ज्या दिशेला फायदा त्या दिशेला, आणि शॉट संपेपर्यंत तिथेच ठेवायचा. सोबत तोंडाने एकदा, "पाय, खेळा!" एवढंच. आमच्याकडे स्थानिक सामन्यांना कानात लावायचे रेडिओसेट नसतात. दोन पंच, अर्धं अर्धं मैदान, आणि एकमेकांशी बोलणं काय ते हातांनी आणि नजरेने. म्हणजे हात हीच आमची भाषा. आणि मी ती पुटपुटत होते.

दुसरी गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. "पुढे ये. तू गोलपासून २३ मीटरवरच्या रेषेपाशी उभी राहून डीमधलं देतेस. तोच निर्णय सहा-सात मीटरवरून दे, बघ कोण हूं का चूं करतो."

बिल मी दिलं. स्वस्तात पडलं.

मंगळवार

संध्याकाळी परसात शिट्टीचा सराव. फॉक्स ४० आहे, आत गोळी नसलेली, त्यामुळे ओली झाली तरी वाजते. पावसाळ्यात आमच्याकडे हे महत्त्वाचं. साध्या फ्रीहिटला एक छोटी, कॉर्नरला त्याहून करकरीत, आणि कोणी मुद्दाम स्टिक मारली तर लांब, कडक. मी आतापर्यंत सगळ्याला एकच वाजवत होते, खाजगी बसच्या कंडक्टरसारखी. शेजारच्या कुत्र्याने पहिल्याच लांब शिट्टीला तोंड वर करून साथ दिली.

सासूबाई पडवीत वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "गाळी खाल्ल्यार पयशे चड मेळटात?" म्हटलं, नाही, तेवढेच मिळतात. "मागीर?" (मग?) असं म्हणून त्या परत वातीकडे वळल्या. घरात माझ्या पंचगिरीवरची ही सगळ्यात थेट टीका, आणि हिला मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

बुधवार

गोव्यात हॉकी बघायला येणारे निम्मे लोक मनाने फुटबॉलचेच असतात. मागे एकदा ऐन रंगात आलेल्या सामन्यात एक आजोबा "ऑफसाइड! ऑफसाइड!" म्हणून घसा फोडत होते. हॉकीतून ऑफसाइड १९९८ मध्येच गेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकणाऱ्या भारताचा गोलकीपर लिओ पिंटो मूळ गोमंतकीय, हे सांगितलं तर इथले कितीतरी जण चकित होतात. त्यामुळे प्रेक्षकांतून येणारं सगळं मी मनावर घेणं सोडलं आहे. त्यांच्यावर राग नाही. तिकीट नाही, पैसा नाही, निदान ओरडायचा आनंद तरी घेऊ देत.

खेळाडूंचा "फूट!" वेगळा. ती सवय आहे, शिंकेसारखी. चेंडू पायाजवळून गेला तरी तोंडातून निघतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. कॅप्टन जवळ येऊन नीट विचारतो तेव्हा मात्र द्यायचं, दोन-तीन शब्दांत. जास्त समजावत बसलं की समोरच्याला वाटतं, हिलाच खात्री नाही. आणि बेंच फारच तापला तर आधी कॅप्टनला, "तुमच्या लोकांना आवरा". त्यानेही भागलं नाही तर हिरवं कार्ड, दोन मिनिटं एक माणूस कमी. मी अजून बेंचवर कार्ड काढलेलं नाही. खिशात आहे एवढं त्यांना माहीत असलं की बहुतेक वेळा पुरतं.

झोप येईना म्हणून पॅरिस ऑलिंपिकची ती क्वार्टर फायनल पुन्हा पाहिली. ४ ऑगस्ट २०२४, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. दुसऱ्या क्वार्टरमध्ये अमित रोहिदासची स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या तोंडाला लागली आणि व्हिडिओ पाहून त्याला लाल कार्ड मिळालं. उरलेला सामना आपण दहा जणांनी काढला, १-१ बरोबरी, मग शूटआउटमध्ये ४-२. रोहिदास जर्मनीविरुद्धची सेमी फायनल खेळू शकला नाही, ती आपण २-३ अशी गमावली. हॉकी इंडियाने त्या सामन्यातल्या पंचगिरीबद्दल अधिकृत तक्रारही केली होती. तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर पंचांना जे काही ऐकावं लागलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या वेळी मी आवाज बंद करून बघितलं. स्लो मोशनमध्ये कुठलीही स्टिक मुद्दाम मारल्यासारखी दिसते, हे माझं मत अजून कायम आहे. मला ते कार्ड जड वाटतं. पण जगातले सर्वांत चांगले पंच, हाताशी कॅमेरे, आणि तरीही एका देशाने त्यांच्यावर तक्रार केली. मग पेडेच्या टर्फवर एका कोचने बाटली आपटली, त्याचं मी किती दिवस घेऊन बसू?

२०२३ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली तेव्हा हॉकी याच टर्फवर होती. मी कुंपणाबाहेर बसून सामने बघत होते. चेंडू सोडून पंचांचे पाय बघत होते, हे आता आठवतं. ते चेंडूच्या मागे पळत नसत. चेंडू जिथे येणार तिथे आधीच पोचलेले असत.

शनिवार, रात्र

पुन्हा तोच निळा संघ, तेच कोच. मी ठरवूनच गेले होते की चेंडूने २३ मीटरची रेषा ओलांडायच्या आत आपण डीपाशी असायचं. पहिल्या क्वार्टरमध्ये धाप लागली, दुसऱ्यापासून पाय सरावले. डीमध्ये एकदा स्टिकवर स्टिक आली, मी जवळच होते. दोन्ही हात गोलकडे, पीसी. लाल कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता पीसी अडवताना घालायचा फेसमास्क घ्यायला गेला. जे दिलं ते गेल्या शनिवारी दिलं असतं तसंच. फरक होता तो अंतराचा.

ओरडा झाला नाही असं नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये लालांनी पीसीवर ड्रॅगफ्लिक मारली, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन उडवला, चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात. निळ्यांचे कोच लगेच, "उंच गेला! मॅडम, फळीच्या वर!" गोलच्या तळाच्या फळीची, म्हणजे चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा उंच नको ही अट आहे खरी, पण पीसीवरचा पहिला शॉट हिट असेल तर. फ्लिकला ती नाही. मी हाताने गोल दाखवला, नोंद करणाऱ्यांच्या टेबलाकडे पाहिलं आणि मध्यरेषेकडे चालू लागले. मागून आवाज येत राहिला. आज कान तिकडे गेले नाहीत, पाय चालत राहिले.

सामन्यानंतर फाटकापाशी कोचनी गाठलं. म्हटलं, आता बाटली. पण त्यांनी मोबाइलवर नियमपुस्तक उघडलं होतं. "मॅडम, हिट आणि फ्लिक, ठीक. पण त्याने स्टिक मागे नेऊन मारला तर ती हिट नाही का?" मग आम्ही तिथेच पार्किंगमध्ये, त्यांच्या स्कूटरच्या सीटवर पाण्याची बाटली आडवी ठेवून, ड्रॅग कुठे संपतो आणि हिट कुठे सुरू होते यावर वाद घातला. त्यांना माझं पटलं नाही. मला त्यांचं नाही. सर गाडीचा हॉर्न वाजवत थांबले होते.