तुम्ही विचारलंत म्हणून: अजून ती मारुतीच का?

परवा पुतण्याच्या लग्नाची बोलणी करायला सांगलीहून पाहुणे आले होते. चहा झाला, पोराचा पगार झाला, उसाचा विषय झाला. निघताना मुलीच्या मामांनी दारातल्या गाडीकडे बघत विचारलंच, "शिरोलीत कारखाना आहे म्हणता, मग अजून ही मारुती 800 च?"

हा प्रश्न मला बँकेच्या साहेबांनी विचारलाय, कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरांनी विचारलाय. एका तरुण मंडळानं तर न विचारताच 'साधी राहणी' म्हणून शाल-नारळ दिला. तेव्हा गप्प बसलो आणि शाल घेतली. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

2008 साल. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत भाड्याची शेड, आम्ही दोघं भागीदार. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग यायचे, आम्ही त्यांचं टर्निंग-बोअरिंग, म्हणजे मापात कातून-कोरून द्यायचो. बहुतेक काम ट्रकच्या पार्टचं. त्या वर्षी काम इतकं होतं की रात्रपाळीला माणूस मिळेना. पाडव्याला मी साडेदहा लाखांची डिझेल गाडी घेतली. अडीच लाख रोख, आठ लाख कर्ज, 12 टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता 17,800 रुपये. हे अडीच लाख उचलले फर्मच्या सीसी खात्यातून, म्हणजे धंदा चालवायला बँक ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल देते त्या खात्यातून. भागीदाराला सांगितलं ते गाडी दारात आल्यावर.

तो आला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि म्हणाला, "रंग चांगलाय." मी ते कौतुक समजलो. आदल्याच महिन्यात तो पुण्याला जाऊन एक जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन बघून आला होता आणि हिशेब मांडत बसला होता, हे मला माहीत होतं. तरी मी ते कौतुकच समजलो.

त्याच आठवड्यात एका टर्नरला मी ओव्हरटाइमचं सांगितलं होतं, "पार्टीचं पेमेंट आलं की देतो." तो गाडीकडे बघत होता, मी दुसरीकडे.

सप्टेंबरात अमेरिकेत मोठी बँक बुडाल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा त्याचा शिरोलीशी काय संबंध, असंच वाटलं. दिवाळीनंतर कळलं. ट्रकचा खप आटला, फाउंड्र्यांनी भट्ट्या कमी केल्या, आमचं शेड्यूल आधी अर्ध्यावर आलं, मग निरोप आला की पुढचं कळेपर्यंत थांबा. नव्वद दिवसांनी येणारं पेमेंट दीडशेवर गेलं. सीसीची लिमिट भरलेली होती, आणि त्यातले अडीच लाख माझ्या दारात झाकण घालून उभे होते. नोव्हेंबरचा पगार द्यायला पैसे नव्हते.

पगार मात्र झाला. कसा झाला, हे मला आठ दिवसांनी माझ्या बायकोकडून कळलं. भागीदारानं वहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवल्या होत्या. मला बोलला नाही, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मी तयारी करून ठेवली होती, 'धंद्यात इमेज लागते' वगैरे.

मार्चमध्ये गाडी विकली. 7 लाख 30 हजार आले. बँकेचे 6 लाख 87 हजार आणि वर मुदतीआधी फेडल्याचा दंड कापून हातात आठ-नऊ हजार उरले. अडीच लाख आणि अकरा हप्ते धरले, तर अकरा महिन्यांत साडेचार लाख गेले. गाडी फिरली होती नऊ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला पन्नास रुपये, डिझेल वेगळं. हा हिशेब मी घेण्याआधीही करू शकलो असतो. विम्याच्या तक्त्यात तो छापलेलाच असतो: पहिल्या सहा महिन्यांतच गाडीची किंमत 5 टक्के कमी धरतात, पाच वर्षं भरेपर्यंत निम्मी. पण शोरूममध्ये तो तक्ता कोण वाचतो? तिथं माणूस सीटचा वास घेत बसतो.

त्यानंतर मी स्कूटरवर यायला लागलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात भागीदारानं टेबलावर किल्ली टाकली. त्याची 2004 ची मारुती 800. "पाऊस लागतोय. तुला दोन पोरं आहेत, ने. मला मोटरसायकल पुरे." पैशाचं विचारलं तर म्हणाला, "बघू की पुढं." ते पुढं अजून आलेलं नाही.

तीच ही गाडी. मामांना हे सगळं दारात उभ्या-उभ्या कसं सांगणार? म्हणालो, "चालतीय अजून." ते हसले. सोयरीक जमली, ती गाडीमुळे नव्हे आणि गाडी असूनही नव्हे. पोरगं चांगलं आहे.

पाटल्या 2010 च्या दिवाळीला सोडवल्या. वहिनी अजून थट्टा करतात, "भावोजी, तुमच्या गाडीची दोन चाकं माझ्या हातात होती."

आता कुणी म्हणेल, तेव्हापासून यांनी शहाणपणानं धंदा केला. तसंही नाही. 2018 ला हातात पैसे आले, तेव्हा मी पुन्हा गाड्या बघत होतोच. या वेळी भागीदाराला आधी विचारलं, तर त्यानं मला सरळ सीएकडे नेलं. सीए म्हणाले, कागदावर गाडी आणि मशीन दोघांची झीज सारखीच, वर्षाला 15 टक्के. पण मशीनवर भरलेला जीएसटी तुमच्या विक्रीच्या जीएसटीतून वळता होतो, आणि फर्मच्या नावावर घेतलेल्या मोटारीवरचा आमच्यासारख्या धंद्यात होत नाही. तीस लाखांच्या व्हीएमसीवर 18 टक्क्यांनी 5 लाख 40 हजार होतात. मशीन घेतलं. आणि गंमत बघा, 2019 ला वाहनधंद्यात पुन्हा मंदी आली, तीस लाखांचं मशीन चार महिने जवळजवळ उभं होतं. तेव्हा पंपाच्या कास्टिंगचं काम शोधत आम्ही उद्यमनगरात दारोदार फिरलो, दोघंही, याच 800 मध्ये. मशीनचा निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. रात्री झोप लागत होती, एवढं आठवतं.

आणि मोटारीचा मला तिटकारा आहे असंही समजू नका. हायवेला नवी गाडी ओव्हरटेक करून गेली की मान वळतेच. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कागलच्या बाजूनं वारा सुटला की स्टिअरिंग हातात नाचतं. एसीनं कधीच राम म्हटलंय. घरात धाकटा म्हणतो, "पप्पा, तुम्ही घ्या, हप्ता मी भरतो." घेईनही.

अडचण एवढीच, की ही विकायची तर विकणारा मी नाही. आरसी बुकावर अजून भागीदाराचं नाव आहे. 2019 ला पंधरा वर्षं झाली तेव्हा नव्यानं नोंदणी केली, फी होती 600 रुपये. 2024 ला पुन्हा करायची वेळ आली, तोवर फी 5,000 झालेली. मी फॉर्म भरला, तर ओटीपी गेला त्याच्या मोबाइलवर. तो होता पन्हाळ्याच्या बाजूला शेतात. फोन लागेना. अर्ध्या तासानं त्याचाच आला.

"ओटीपी सांग," मी म्हणालो.

"आधी सांग, पुढचे टायर बदललेस?"

"नाही अजून."

"मग आधी टायर. पासिंगला साहेब बघतोय ते." आणि ठेवला की फोन.